मुक्या पेटीस पुन्हां कंठ
(महोत्सवाच्या निमित्तानें धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हां तिघांस आज येथें उभें केलें आहे, तें आमच्या वक्तृत्वाकरितां खास नव्हे. आमच्यामागें जी काळी, जड, कोपरे झिजलेली पेटी ठेविली आहे, तिच्याविषयीं चार शब्द सांगावे एवढीच आज्ञा आहे. गेल्या रविवारीं गायनवृंदाबरोबर खर्जाचा जो सूर आपण ऐकिला, तो हिच्यांतून निघाला. मिस्सा संपल्यावर अंगणांत अनेकांनीं आम्हांस दोनच प्रश्न विचारिले. 'हिचे भाग आतां मिळतात तरी कोठें?' हा पहिला. आणि 'तेवढ्या पैशांत नवी आली नसती काय?' हा दुसरा. पहिल्याचें उत्तर 'मिळत नाहींत' असें आहे. दुसऱ्याचें उत्तर शेवटीं देऊं. भाग मिळत नसतांही पेटी कशी बोलूं लागली, आणि तत्पूर्वीं आमच्या उतावळेपणानें समितीच्या पैशांचें कसें नुकसान झालें, हीच आजची हकीकत आहे.

ही पेटी म्हणजे बेस गिटारचा अँप्लिफायर. बेस गिटार हें वाद्य फारसें जुनें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं 'प्रिसिजन बेस' विक्रीस आणिला, आणि तेव्हांपासून या वाद्याचा प्रसार झाला. त्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. इतका खोल सूर सभागृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचवावयाचा म्हणजे मोठा स्पीकर व पुष्कळ शक्ति लागते. आरंभीं हें काम कांचेच्या व्हॉल्व्हांकडून होत असे. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्या दोघांस व त्यांचे सहकारी विल्यम शॉकली यांस १९५६ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत व्हॉल्व्हांच्या जागीं ट्रान्झिस्टर घातलेले अँप्लिफायर निघूं लागले. खुद्द फेंडर कंपनीनें ते १९६६ सालीं काढिले. त्या दशकाच्या उत्तरार्धांत निघालेला 'अकूस्टिक ३६०' हा १८ इंची स्पीकरचा अँप्लिफायर जॅको पास्टोरियस या बेसवादकाच्या हातीं जगभर नांवाजला. आपली पेटी त्याच पिढीची व त्याच देशाची आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह झिजतो, हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून तो खोबणींत बसविलेला असे, आणि कोणासही उपटून नवा घालतां येई. असे व्हॉल्व्ह कांहीं देशांत आजही तयार होतात. ट्रान्झिस्टर मात्र झिजणार नाहीं अशा भरवंशानें डाख लावून व स्क्रू आवळून कायमचा बसविला गेला. परिणाम असा झाला कीं, जो भाग म्हातारा होणार म्हणून ठरलेलें होतें तो अद्याप मिळतो, आणि जो अमर मानिला होता तो बाजारांतून नाहींसा झाला.

आपल्या धर्मग्रामांत ही पेटी १९७४ सालीं आली. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका बांधवानें ती परदेशांतून आणिली आणि कांहीं वर्षांनीं देवळास दिली. सणांत, लग्नांत, नाताळच्या रात्रीं तिनें चाकरी केली. २००३ सालीं एका लग्नांत तिच्यांतून मोठा गुरगुराट निघाला, जळका वास सुटला आणि ती मुकी झाली. तेव्हांपासून ती नाताळच्या गोठ्याच्या मूर्तींमागें कोठींत पडून होती. महोत्सवाच्या साफसफाईंत ती भंगारांत देण्याचें ठरत असतां आम्हीं तीन महिन्यांची मुदत व थोडी रक्कम मागितली. ती रक्कम वर्गणींतली होती. म्हणूनच हा हिशेब जाहीर रीतीनें देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पेटी उघडण्यापूर्वीं तरुणांस एक इशारा द्यावयाचा आहे. भिंतींतली पिन काढिली म्हणजे यंत्र निर्जीव झालें असें समजूं नये. आंतील मोठे कंडेन्सर वीज सांठवून ठेवितात, आणि पिन काढल्यावरही कांहीं काळ ती सोडीत नाहींत. आम्ही प्रत्येक वेळीं जाड रेझिस्टर लावून ते रिकामे करीत असूं, आणि मीटरनें खात्री झाल्यावांचून आंत बोट घालीत नसूं.

आंत पाहतों तों पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पंखेदार पत्र्यावर चार मोठे ट्रान्झिस्टर बसविलेले. शंकरपाळ्याच्या आकाराची पोलादी बैठक आणि तिच्यावर गोल टोपी, असें त्यांचें रूप. चारांपैकीं तीन आंतून एकजीव होऊन गेले होते. त्यांच्या टोपीवर जो आंकडा छापिला होता, तो कोणत्याही कोष्टकांत आढळेना. त्या काळीं अँप्लिफायर बनविणारे ट्रान्झिस्टरांवर आपला खाजगी क्रमांक छापून घेत असत. त्यामुळें आंत कोणती जात आहे हें वरून कळत नाहीं. पेटीबरोबर नकाशाही नव्हता.

मग नकाशा आम्हींच काढावयास घेतला. तीन संध्याकाळ एकानें भिंगांतून तांब्याच्या वाटा पाहून सांगाव्या, दुसऱ्यानें मीटर लावून पडताळाव्या आणि तिसऱ्यानें कागदावर उतरवाव्या, असें चाललें. ही मेहनत सर्वांत कंटाळवाणी. परंतु पुढें जें कांहीं साधलें तें तिच्यामुळेंच. अशा यंत्राचें काम दोघांनीं ओढावयाच्या मोठ्या करवतीसारखें असतें. दोन ट्रान्झिस्टर विजेचा प्रवाह एका बाजूस ओढतात, दोन दुसऱ्या बाजूस. एकानें ओढावें तेव्हां दुसऱ्यानें सैल सोडावें. त्यानें स्पीकरचा पडदा पुढें-मागें हालतो. आमच्या नकाशांत दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर एकाच जातीचे निघाले. त्याचें कारण, त्या काळीं सिलिकॉनचे मोठे ट्रान्झिस्टर एकाच जातीचे सहज मिळत. उलट जातीचे बनविणें कठीण व महाग होतें. म्हणून कारागिरांनीं मोठे चारही सारखे घेऊन, त्यांस हांकणारे लहान ट्रान्झिस्टर तेवढे परस्पर उलट जातीचे घातले.

नकाशावरून हरवलेल्या भागाचें नांव कळलें नाहीं. पण त्याचें काम कळलें, आणि नांवापेक्षां कामाचीच आम्हांस गरज होती. पेटींतील विजेचा दाब एका बाजूस ३८ व्होल्ट व दुसऱ्या बाजूस ३८ व्होल्ट, म्हणजे एकंदर ७६. जो ट्रान्झिस्टर बंद असतो त्याच्यावर जवळजवळ हा सगळा भार पडतो. बाजारांत ज्यास त्यास विचारावें, तों एकच उत्तर येई : '३०५५ लावा, सगळीकडे चालतो.' हा ट्रान्झिस्टर खरोखरच नामांकित आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं अमेरिकेच्या आरसीए कंपनीनें तो काढिला आणि तो अद्यापि बनतो. परंतु त्याची मर्यादा ६० व्होल्टांची. साठांचा भार सोसणाऱ्याच्या डोक्यावर शहात्तरांचें ओझें ठेविलें तर तो एखादा दिवस चालेल, आणि नेमका सणाच्या दिवशीं कोसळेल. म्हणून आम्हीं एमजे १५००३ हा नवा भाग निवडिला. त्याची सहनशक्ति १४० व्होल्ट, २० अँपियर व २५० वॅट अशी आहे. आकार तोच, भोंकेंही तींच.

भाग ठरला, तरी खरा भाग मिळणें ही निराळी गोष्ट. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर असल्या वस्तूंचीं दुकानें ओळीनें आहेत, आणि तेथें प्रामाणिक व जाणकार दुकानदार पुष्कळ आहेत. तरीही आमची पहिली खरेदी नकली निघाली. दुकानाचें नांव घेणें उचित नव्हे. तो दुकानदारही कदाचित् फसला असेल. ट्रान्झिस्टर हातांत हलके लागले, अक्षरें बोटानें पुसटूं लागलीं. एकाची टोपी कानशीनें कापून पाहिली, तों आंतील सिलिकॉनची कपरी तिळाएवढी! जळलेल्या जुन्या ट्रान्झिस्टरांतली कपरी हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. दुसरी खरेदी आम्हीं कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन केली. स्वस्ताईच्या मोहानें पहिले पैसे पाण्यांत गेले, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक याहून मोठी. नवे ट्रान्झिस्टर बसवून झाले, त्या संध्याकाळीं गायनवृंदाची तालीम होती. मुलें दाराशीं येऊन 'झालें का?' म्हणून विचारीत होतीं. अशा वेळीं शहाणा कारागीर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब यंत्राच्या वाटेंत ओळीनें जोडितो. आंत कोठें दोष असला तर बल्ब प्रकाशतो आणि वीज स्वतः अडवून धरितो, यंत्र वांचतें. हें आम्हांस ठाऊक होतें. जोडणीस पांच मिनिटें लागलीं असतीं. आम्हीं तीं वांचविलीं आणि सरळ बटण दाबिलें. दोन सेकंद झाले न झाले तों फ्यूज उडाला, आणि नव्या चारांपैकीं दोन ट्रान्झिस्टर मेले. फ्यूज सोन्याला वांचवितो अशी म्हण करावयाची झाली तर ती खोटी ठरेल. ट्रान्झिस्टर बहुधा फ्यूजच्या अगोदरच जातो. त्या रात्रीं आम्ही कोणी कोणाशीं फारसें बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं समितीच्या चिटणीसांस जाऊन सर्व खरें सांगितलें. त्यांनीं रागें भरण्याऐवजीं एवढेंच विचारिलें, 'कां मेले तें कळलें काय?' आम्हांस कळलें नव्हतें.

कारण शोधण्यासाठीं सगळा सांगाडाच पेटींतून बाहेर काढिला. खालचा पत्रा आम्हीं पूर्वीं एकदां काढून तसाच बाजूस ठेविला होता, उलटून पाहिला नव्हता. या वेळीं उलटला, तों त्याच्या आंतल्या बाजूस एक पिवळा पडलेला कागद चिकटविलेला! निळ्या शाईंत, सुबक मराठी अक्षरांत १९८७ ची तारीख घालून लिहिलें होतें : '११७ व्होल्टचें यंत्र. सरळ भिंतींत लावूं नये. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली, जमिनीची तार जोडली.' आणि त्याखालीं यंत्र निरोगी असतांना कोणत्या जागीं किती व्होल्ट असतात, त्याचीं सात-आठ मापें. शेवटीं एक आडवी रेघ आणि तिच्याखालीं, 'पुढें जो उघडील त्याच्यासाठीं.'

नांव नव्हतें. कागद देवळाच्या ओट्यावर दाखविला, तेव्हां एका भगिनीनें अक्षर पाहतांच तो आपल्या दोन्ही हातांनीं धरिला. तें तिच्या वडिलांचें अक्षर होतें. आपल्यांतील वृद्धांस ते आठवत असतील. रेडिओ दुरुस्त करीत, आणि देवळांतल्या पेटीवर साथही करीत. त्यांनीं हें काम केलें होतें हें घरींही कोणास ठाऊक नव्हतें. सोळा वर्षें ही पेटी त्या दुरुस्तीवर चालली.

त्या मापांतील एक माप आमच्या रोगाचें निदान होतें. करवतीच्या दोन्ही माणसांनीं एकाच वेळीं ओढिलें तर करवत हालत नाहीं आणि दोघेही दमून जातात. तसें होऊं नये, आणि तरी एकाचें ओढणें संपण्यापूर्वीं दुसऱ्याचें हलकेंच सुरू व्हावें, म्हणून एक लहानसा डायोड दोन्ही बाजूंमधील अंतर राखितो. कागदावर तेथें १.८ व्होल्ट लिहिलें होतें. मोठे ट्रान्झिस्टर काढून, बल्ब ओळीनें जोडून आम्हीं तेथें मीटर लाविलें, तों आंकडा पुष्कळच अधिक. तो डायोड आंतून तुटला होता. त्यामुळें दोन्ही बाजू एकदम जोरानें ओढूं लागल्या आणि नवे ट्रान्झिस्टर आपसांतच जळाले. कागद पहिल्या दिवशीं वाचला असता, किंवा ती पांच मिनिटें बल्बास दिलीं असतीं, तर दोन्ही वांचले असते.

तो डायोडही आतां मिळत नाहीं. एकाच टोपणांत तीन डायोडांचें काम करणारा तो विशेष भाग होता, आणि तो पंखेदार पत्र्यास टेकवून बसविलेला होता. टेकविण्याचें कारण महत्त्वाचें आहे. ट्रान्झिस्टर तापला कीं अधिक प्रवाह ओढूं लागतो, अधिक ओढिला कीं आणखी तापतो, आणि असें होतां होतां स्वतःस जाळून घेतो. डायोड त्याच पत्र्यावर तापला म्हणजे तो लगाम आंखडतो. आम्हीं साधे सिलिकॉनचे तीन डायोड ओळीनें जोडून, त्यांवर विद्युतरोधक नळी चढवून, ते त्याच ठिकाणीं घट्ट चिकटविले. मीटरवर १.८ चा आंकडा आला. कागदावरच्या आंकड्याशीं आपला आंकडा जुळतो तेव्हां काय वाटतें, तें शब्दांनीं सांगतां येत नाहीं.

तरीही एक अडचण उरली होती. बल्ब मंद झाला, सूर निघाला; पण वाद्य वाजत नसतांनाही पत्रा तापत राही. एका ओळखीच्या शिक्षकांनीं ऑसिलोस्कोप वापरूं दिला, तेव्हां दिसलें कीं यंत्र कानास ऐकूं न येणाऱ्या अतिवेगवान कंपांत स्वतःशींच गुणगुणत आहे. जुने ट्रान्झिस्टर संथ होते, नवे चपळ आहेत. संथ बैलांसाठीं बांधलेल्या गाडीस तरुण घोडे जुंपावे तसा हा प्रकार. हांकणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर ४७ पिकोफॅरडचे दोन चिमुकले कंडेन्सर घातले, शेवटच्या टोंकास १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची जी जोडी सुकून गेली होती ती नवी केली, आणि पत्रा थंड झाला. अधिक चांगला भाग घातला म्हणजे यंत्र अधिक चांगलें होतेंच असें नव्हे, हें आम्ही तेथें शिकलों.

बाकीचें काम थोडक्यांत सांगतों. सुकलेले सगळे मोठे कंडेन्सर बदलिले. जे रेझिस्टर मापांत बरोबर होते त्यांस हात लाविला नाहीं. जुनें म्हणून काढणें ही दुरुस्ती नव्हे. मेलेल्या ट्रान्झिस्टरांतून सरळ प्रवाह शिरून स्पीकरचें वेटोळें जळालें होतें, तें एका कसबी कारागिराकडून नवें गुंडाळून घेतलें. आणि असा प्रवाह पुन्हां आला तर स्पीकर तत्काळ तुटून बाजूस व्हावा अशी सोय नवी घातली. अमेरिकेच्या जुन्या यंत्रांत विजेच्या तारेपासून पेटीच्या धातूपर्यंत एक कंडेन्सर असे; तो बिघडला तर धातूंत वीज उतरते. गिटारच्या तारा त्याच धातूस जोडलेल्या, आणि गाणाऱ्याचे ओंठ मायक्रोफोनास लागलेले! तो कंडेन्सर आम्हीं काढूनच टाकिला. येथें जुनेपणाचा मान राखण्याचें कारण नव्हतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर. नवी पेटी आली असती काय? आमची मजुरी धरिली तर खुशाल आली असती. ज्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला आहे, किंवा ज्याच्या तांब्याच्या वाटाच करपून उठल्या आहेत, त्याच्यावर आपण पैसा घालूं नये असेंच आम्हीही सांगूं. पण हिचा ट्रान्सफॉर्मर धड होता, लांकूड धड होतें; आणि हिच्यावर ज्यांनीं पूर्वीं हात फिरविला त्यांनीं आमच्यासाठीं वाट बांधून ठेविली होती. तिच्यावरून न जातां आम्हीं आधीं आडरानांत उडी घेतली, हा दोष आमचा. नकली ट्रान्झिस्टरांचे व जळालेल्या दोहोंचे पैसे आम्हीं तिघांनीं समितीच्या पेटींत परत भरले आहेत. पावती चिटणीसांकडे आहे.

१९८७ चा कागद आम्हीं काढिला नाहीं. पारदर्शक पाकिटांत घालून होता तेथेंच ठेविला आहे. त्याच्या शेजारीं आमचा कागद लाविला आहे : आमचा नकाशा, कोणता भाग काढून कोणता घातला, कां घातला, आणि आजचीं मापें. आमच्या दोन्ही चुकाही त्यांत लिहिल्या आहेत. काढलेले भाग एका डबींत घालून डबी पेटींतच बांधली आहे. एमजे १५००३ हा देखील एके दिवशीं मिळेनासा होईल. तेव्हां आज पहिल्या बांकावर बसलेल्या या मुलांपैकीं कोणी पेटी उघडील. त्यानें प्रथम खालचा पत्रा उलटावा, एवढीच आमची विनंती आहे.

 आतां व्याख्यान पुरें झालें; गायनवृंद वाट पाहत आहे, आणि पेटीही तापून तयार आहे, म्हणजे जितकी तापावी तितकीच. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.